गोंधळाच्या इंग्रजी शब्दांसाठी लँग्वेजटूल: काय पकडतं, काय निसटतं आणि का

स्पेलिंग तपासणारा प्रोग्राम एवढंच बघतो, की शब्द कोशात आहे की नाही. 'फ्रॉम' लिहायचं होतं आणि बोटं घसरून 'फॉर्म' झालं, तर लाल रेघ येत नाही. दोन्ही शब्द कोशात आहेत. 'देअर'ची तीन रूपं, 'इट्स'ची दोन, 'दॅन' आणि 'देन', 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट', 'प्रिन्सिपल'ची दोन स्पेलिंगं, सगळ्यांचं दुखणं हेच: शब्द शुद्ध, जागा चुकीची. अर्जात, अहवालात, ग्राहकाला पाठवलेल्या ईमेलमध्ये वाचणाऱ्याला खुपतात त्या चुका बहुधा याच जातीच्या असतात. लिहिणाऱ्याच्या नजरेतून मात्र त्या सुटतात, कारण मनात वाचताना उच्चार बरोबरच ऐकू येतो.

लँग्वेजटूल हे व्याकरण तपासणारं साधन फक्त या एका कामाला किती उपयोगी पडतं, एवढ्याचंच हे परीक्षण. वाक्य फिरवून देणं, शैली सुधारणं वगैरे गोष्टी त्यात आहेत, पण इथे त्यांचा विचार नाही. मत आधीच सांगून टाकतो. ज्या जोड्यांचा निकाल शेजारच्या दोन-चार शब्दांवरून लागतो, तिथे हे साधन भरवशाचं आहे, फुकट मिळतं तेवढ्यातही. ज्या जोड्यांचा निकाल अर्थावरून लागतो तिथे ते गप्प बसतं. ते गप्प आहे म्हणजे वाक्य बरोबर आहे, असं धरून चालणारे लोक हमखास तोंडघशी पडतात.

आत काय चालतं

लँग्वेजटूलची सुरुवात २००३ साली डॅनियल नाबर यांच्या विद्यापीठातल्या प्रबंधातून झाली. आधी ते पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत होतं, नंतर जावा या दुसऱ्या भाषेत लिहिलं गेलं. त्याचा गाभा एलजीपीएल परवान्याखाली खुला आहे, म्हणजे कोणीही उतरवून घ्यावा, स्वतःच्या संगणकावर चालवावा, आतले नियम उघडून वाचावेत. २०२३ मध्ये लर्निओ या कंपनीने ते विकत घेतलं. संकेतस्थळावरच्या सेवेत पैसे भरून मिळणाऱ्या जादा सोयी आहेत, पण खुला गाभा अजून तसाच मिळतो. नियम उघडून वाचता येतात ही सोय या कामात फार मोलाची आहे. साधन एखादी चूक का पकडतं आणि दुसरी का सोडतं, ते अंदाजाने ठरवावं लागत नाही.

गोंधळाचे शब्द ते दोन वाटांनी पकडतं. पहिली वाट हाताने लिहिलेल्या नियमांची. बहुतेक नियम एक्सएमएल या खुणांच्या भाषेत लिहिलेले असतात: शब्दांचा क्रम कसा असेल तर चूक धरायची, संदेश काय द्यायचा, सुचवायचं काय, आणि चुकीचं व बरोबर असं एकेक नमुना वाक्य. शब्दाची जातही नियमात वापरता येते. 'आर्टिकल आणि लगेच नंतर सी-ऐवजी एस असलेला अडव्हाइझ' असा क्रम दिसला की चूक, कारण आर्टिकलनंतर तिथे नाम हवं आणि एस असलेला शब्द क्रियापद आहे. असे नियम अचूक असतात. पण ज्या रचनेचा नियम कोणी लिहिलेलाच नाही, ती त्यांच्या हातून निसटते.

दुसरी वाट मोजणीची. गूगलने छापील पुस्तकांवरून तयार केलेली शब्दगटांची मोजदाद, म्हणजे एन-ग्राम, लँग्वेजटूलला जोडता येते. तीत एक, दोन आणि तीन शब्दांचे गट पुस्तकांत किती वेळा आले याचे आकडे असतात. गोंधळाच्या जोड्यांची एक वेगळी यादी आहे. मजकुरात त्यातला शब्द आला की साधन त्याच्या मागचे दोन आणि पुढचे दोन शब्द घेतं, जोडीतला दुसरा शब्द त्याच जागी बसवून बघतं आणि दोन्हींची शक्यता ताडून पाहतं. दुसरा शब्द नुसता जास्त शक्य असून भागत नाही. यादीत प्रत्येक जोडीपुढे एक आकडा असतो, आणि शक्यता निदान तितक्या पटीने जास्त असेल तरच रेघ येते. आकडा मोठा ठेवला की खोट्या तक्रारी कमी होतात आणि खऱ्या चुका जास्त सुटतात. लहान ठेवला की उलट. लँग्वेजटूलने मुद्दाम सावध बाजू घेतली आहे, आणि ते बरोबरच आहे. ऊठसूट रेघा मारणारं साधन लोक आठवड्याभरात बंद करतात.

मागचे दोन, पुढचे दोन. पुढचं सगळं परीक्षण एवढ्या एका गोष्टीवरून समजतं.

जिथे निर्धास्त राहावं

अपॉस्ट्रॉफीच्या जोड्या या साधनाच्या खास हातातल्या. 'इट्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी असेल तर तो 'इट इज' किंवा 'इट हॅज'चा संक्षेप, नसेल तर 'त्याचा, त्याची, त्याचं'. मालकी दाखवायला नामाला अपॉस्ट्रॉफी लागतो म्हणून सर्वनामालाही लागत असेल, असं वाटून चूक होते. पण 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' यांतल्या एकालाही तो नाही आणि 'इट्स'ही त्यांच्याच पंगतीतला. 'युअर' आणि 'यू आर'चा संक्षेप, 'हूज'ची दोन रूपं, 'देअर'ची तीन, सगळीकडे तेच. या जोड्यांत एक शब्द क्रियापद पोटात घेऊन येतो आणि दुसऱ्यापुढे नाम लागतं, म्हणून पुढचा एक शब्द पाहिला तरी बहुतेक वेळा निकाल लागतो. रेघ आली की सुचवलेल्या शब्दावर डोळे मिटून क्लिक करू नका. संक्षेप सोडवून वाक्य पुन्हा वाचा. 'इट इज' बसलं तर अपॉस्ट्रॉफी द्या, नाही बसलं तर काढा. दोन सेकंदांचं काम आहे, आणि काही दिवसांत साधनाची गरजच उरत नाही.

'दॅन' आणि 'देन' हेही सोपं गिऱ्हाईक. आधी तुलनेचं रूप असेल, म्हणजे 'मोअर', 'बेटर', 'लेस', 'रादर', तर पुढे ए असलेला 'दॅन'. क्रम किंवा वेळ सांगायची असेल तर ई असलेला. 'कुड ऑफ', 'शुड ऑफ' ही चूक बोलण्यातून लिहिण्यात येते, कारण 'हॅव' घाईत 'ऑव्ह'सारखा ऐकू येतो. नियमाने ती सहज धरता येते. मायक्रोसॉफ्ट वर्ड तर 'कुड ऑफ बीन' टाइप झालं की न विचारताच ऑटोकरेक्टने दुरुस्त करतं. सोय चांगली, पण आपण चुकलो होतो हे लिहिणाऱ्याला कळत नाही आणि कागदावर तीच चूक पुन्हा होते.

'लूज'बद्दल मराठी माणसाने जरा जास्त सावध असावं. 'नट लूज झालाय' हे आपल्या तोंडी इतकं रुळलंय, की दोन्ही शब्द एकाच उच्चाराचे वाटतात. इंग्रजीत तसं नाही. ढिला या अर्थाचा शब्द 'लूस', शेवटी स, स्पेलिंगमध्ये दोन ओ. हरवणं या अर्थाचा 'लूझ', शेवटी झ, ओ एकच. उच्चार वेगळा केला की स्पेलिंग आपोआप सुटतं. 'डोन्ट', 'विल', 'टू' यांच्यापुढे दोन ओ आले तर साधन सहसा बरोबर हटकतं, कारण तिथे क्रियापद हवं असतं. दोन ओ असलेल्या शब्दाचंही 'मोकळं सोडणं' असं एक क्रियापद आहे, पण ते विरळा.

'अडव्हाइस'चंही तसंच: नाम सी-ने, उच्चार शेवटी स, क्रियापद एस-ने, उच्चार शेवटी झ. नामाला अनेकवचन नसतं हेही इथेच सांगून ठेवतो. 'अडव्हाइसेस' असं दिसलं तर लिहिणाऱ्याला बहुधा 'अडव्हाइझेस' हे क्रियापद हवं असतं, नाहीतर 'पीसेस ऑफ अडव्हाइस'.

भाषाप्रकार चुकीचा निवडला तर

लँग्वेजटूलमध्ये इंग्रजीचे सहा प्रकार आहेत: अमेरिकी, ब्रिटिश, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचा आणि दक्षिण आफ्रिकेचा. भारतीय इंग्रजी वेगळी नाही, तेव्हा ब्रिटिश स्पेलिंग पाळणाऱ्याने ब्रिटिश प्रकारच निवडावा. नुसतं 'इंग्लिश' ठेवलं, पुढचा प्रकार निवडला नाही, तर व्याकरणाचे नियम चालतात पण स्पेलिंगची तपासणी होत नाही. स्वतःच्या संगणकावर साधन बसवणारे इथे हमखास अडकतात आणि साधनालाच दोष देतात.

हा मुद्दा केवळ 'कलर'मधल्या यू-पुरता नाही. 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स' ब्रिटिश इंग्रजीत खऱ्या अर्थाने गोंधळाच्या जोड्या आहेत: नाम सी-ने, क्रियापद एस-ने. परवाना हा सी-चा लायसन्स, परवाना देणं हे एस-चं लायसन्स. अमेरिकी इंग्रजीत मात्र 'प्रॅक्टिस' दोन्ही अर्थांना सी-ने आणि 'लायसन्स' दोन्ही अर्थांना एस-ने. म्हणजे अमेरिकी प्रकार निवडला तर सी-चा लायसन्स नुसती स्पेलिंगची चूक ठरून पकडला जातो. ब्रिटिश निवडला तर दोन्ही स्पेलिंगं कोशात असल्यामुळे स्पेलिंगची तपासणी गप्प राहते आणि सगळा भार व्याकरणाच्या नियमावर पडतो. ब्रिटिश पद्धतीने लिहिणाऱ्याने या दोन शब्दांवर साधन नसल्यासारखी नजर ठेवावी. आधी 'द', 'अ', 'माय', 'युअर' असेल तर सी. आधी 'टू', 'विल', 'मस्ट' असेल तर एस.

'अल्टरनेट'चा घोळही याच कुळातला. ब्रिटिश इंग्रजीत 'अल्टरनेट' म्हणजे एकाआड एक आणि 'अल्टरनेटिव्ह' म्हणजे दुसरा पर्याय. अमेरिकी लिखाणात पहिला शब्द दुसऱ्या अर्थानेही सर्रास चालतो.

रेघ येते, पण तीच चुकते

'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' शिकवताना सांगितलं जातं, की ए-चं क्रियापद आणि ई-चं नाम. दहातल्या नऊ वाक्यांना एवढं पुरतं. पण 'इफेक्ट' क्रियापदही आहे आणि त्याचा अर्थ घडवून आणणं असा होतो. 'टू इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणं, 'टू अफेक्ट अ चेंज' म्हणजे आधीच चाललेल्या बदलावर परिणाम करणं. अहवालात पहिलं बरोबर लिहिलेलं असताना रेघ पाहून घाबरून दुसरं केलं, तर काम करणाऱ्याचं श्रेयच पुसलं जातं. मानसशास्त्रात 'अफेक्ट' नामही आहे, भावना चेहऱ्यावर आणि वागण्यात दिसते त्याला म्हणतात, आणि तिथे उच्चारात जोर पहिल्या अक्षरावर येतो. वैद्यकीय टिपणात हा शब्द आला आणि साधनाने हरकत घेतली, तर हरकत सोडून द्यावी.

'फ्युअर' आणि 'लेस' ही दुसरी जागा. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'फ्युअर', न मोजता येणाऱ्यांना 'लेस', हा नियम ठीक आहे. पण अंतर, वेळ, पैसा, वजन यांच्यापुढे आकडा असला तरी 'लेस दॅन' हेच स्वाभाविक: 'लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स', 'लेस दॅन टू अवर्स'. इथे पाच किलोमीटर एकेक करून मोजत नाहीत, तो सगळा मिळून एक टप्पा असतो. कोणतंही साधन इथे 'फ्युअर' सुचवत असेल तर ऐकू नका.

जिथे साधन मुकं होतं

'द टीम अडॉप्टेड द प्लॅन' आणि 'द टीम अडॅप्टेड द प्लॅन' ही दोन्ही वाक्यं निर्दोष आहेत. पहिल्यात योजना आहे तशी स्वीकारली, दुसऱ्यात ती गरजेप्रमाणे बदलून घेतली. खरं काय घडलं ते वाक्याच्या बाहेर आहे, तेव्हा मागचे-पुढचे दोन सोडा, वीस शब्द पाहूनही निकाल लागणार नाही. 'हर वर्क कॉम्प्लिमेंट्स हिज' यात मधलं अक्षर ई असेल तर तिचं काम त्याच्या कामाला पूरक आहे. आय असेल तर तिचं काम त्याच्या कामाची स्तुती करतं, जे निरर्थक आहे. पण शब्दांचा क्रम दोन्हीकडे सारखाच शुद्ध, आणि असे नेमके तीन शब्द पुस्तकांत फारसे सापडत नसल्यामुळे मोजणीलाही धरायला काही मिळत नाही. 'प्रिन्सिपल'चंही तसंच. 'ऑन' या शब्दानंतर बहुधा तत्त्व येणार हे मोजणीला कळतं, पण वाक्य 'द प्रिन्सिपल'ने सुरू होऊन पुढे साधं क्रियापद असेल, तर मुख्याध्यापक की तत्त्व हे कसं कळावं? खूण एवढीच ठेवा: तत्त्व या अर्थाचा शब्द नेहमी नामच असतो आणि एल-ई-ने संपतो. विशेषण असेल, म्हणजे 'मुख्य' असा अर्थ असेल, तर दरवेळी ए-एल. कर्जाची मुद्दल हीसुद्धा ए-एल.

सर्वांत धोक्याची जोडी माझ्या मते दिसायला सर्वांत साधी आहे: 'फ्यू' आणि 'अ फ्यू'. 'फ्यू पीपल केम' म्हणजे फारसं कोणी आलंच नाही. 'अ फ्यू पीपल केम' म्हणजे चार जण तरी आले. एका अक्षराने सूर तक्रारीचा की समाधानाचा हे ठरतं, आणि दोन्ही वाक्यं व्याकरणाला मान्य. 'लिट्ल' आणि 'अ लिट्ल' यांचंही हेच.

'लाय' आणि 'ले' इथे मात्र दोष इंग्रजीचाच. आडवं होणं, पडून राहणं याला 'लाय', भूतकाळ 'ले', तिसरं रूप 'लेन'. ठेवणं, अंथरणं याला 'ले', पुढे 'लेड', 'लेड'. खोटं बोलणं पुन्हा 'लाय', पण त्याचा भूतकाळ 'लाइड'. पहिल्या क्रियापदाचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ एकच शब्द आहे, म्हणून साधनाला नुसता शब्द बघून काळ ओळखता येत नाही आणि ते सावधपणे सोडून देतं. त्यात इंग्रजी मातृभाषा असणारेही बोलताना ही दोन्ही सर्रास मिसळतात, त्यामुळे मोजणीतही चुकीची रूपं शिरलेली असतात. मराठी लेखकाला मात्र इथे घरचाच आधार आहे. पडणं आणि पाडणं, चढणं आणि चढवणं यांत जो फरक, तोच इथे. 'काय?' असा प्रश्न विचारून उत्तरात कर्म मिळालं तर 'ले-लेड-लेड', नाही मिळालं तर 'लाय-ले-लेन'. 'राइझ' आणि 'रेझ' यांनाही हीच कसोटी लावा: भाव चढले तर 'रोझ', कोणी भाव चढवले तर 'रेझ्ड'.

मराठीतून विचार करताना होणाऱ्या काही चुकांकडे हे साधन खास लक्ष देत नाही, हेही नोंदवायला हवं. लँग्वेजटूलमध्ये मातृभाषा सांगण्याची सोय आहे. ती सांगितली की त्या भाषेतल्या सारख्या दिसणाऱ्या पण अर्थाने वेगळ्या शब्दांबद्दल ते सावध करतं. त्या यादीत मराठी नाही. आपण 'दोन वर्षांपासून' म्हणतो आणि 'पासून'साठी 'सिन्स' वापरून 'सिन्स टू इयर्स' लिहितो. नियम सरळ आहे: काळाची लांबी सांगायची तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स'. 'फॉर टू इयर्स', पण 'सिन्स २०१९', 'सिन्स मंडे'. दोन्हींच्या आधी बहुतेक वेळा 'हॅव' किंवा 'हॅज'चं रूप लागतं, आणि 'आय अॅम वर्किंग हिअर सिन्स' मध्ये तेही चुकलेलं असतं. 'उसने'चंही तसंच: मराठीत देणारा आणि घेणारा दोघांचं काम एका शब्दावर भागतं, इंग्रजीत घेणारा 'बॉरो' करतो आणि देणारा 'लेंड'. 'कॅन यू बॉरो मी' हे वाक्य कानाला कितीही ओळखीचं वाटलं तरी चूक.

आपली स्वतःची पाळत-यादी

वरची उणीव भरून काढायचा उपाय साधनातच आहे आणि फार कमी लोक तो वापरतात. लँग्वेजटूल स्वतःच्या संगणकावर चालवत असाल, तर इंग्रजीच्या फोल्डरमध्ये 'प्रोहिबिट' नावाच्या फाइलची 'कस्टम' आवृत्ती असते. तिच्यात एका ओळीत एक असे शब्द टाकले, की ते कोशात असले तरी दरवेळी चूक म्हणून दाखवले जातात. हे काम स्पेलिंगच्या तपासणीतून होतं, तेव्हा इंग्रजीचा प्रकार निवडलेला हवा, नाहीतर यादी असूनही रेघ येणार नाही. एक्सएमएल जमत असेल तर 'ग्रामर कस्टम' या फाइलमध्ये पूर्ण नियम लिहिता येतो. 'सिन्स', मग संख्या, मग वर्ष-महिना-दिवस-तास यांतला शब्द आणि त्यापुढे 'अगो' नसणं, एवढं मांडलं की वरची चूक कायमची पहाऱ्यात येते.

वर्ड वापरणाऱ्यांनाही हे करता येतं. विंडोजमध्ये वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा', 'रोमिंग', 'मायक्रोसॉफ्ट' या मार्गाने 'यूप्रूफ' फोल्डर उघडा. 'ॲपडेटा' एरवी लपवलेलं असतं, लपलेले फोल्डर दाखवण्याचा पर्याय आधी चालू करा. आत 'एक्सक्लूड डिक्शनरी' असं नाव असलेल्या फाइली दिसतील आणि नावाच्या शेवटी भाषेचा सांकेतांक: अमेरिकी इंग्रजीचा ०४०९, ब्रिटिशचा ०८०९, भारतीय इंग्रजीचा ४००९. मजकूर ज्या इंग्रजीत आहे त्याच सांकेतांकाची फाइल नोटपॅडमध्ये उघडून, लहान लिपीत, एका ओळीत एक शब्द लिहा, शेवटच्या शब्दानंतरही एंटर दाबा, सेव्ह करा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-संचात नवीन शब्दकोश बनवताना 'एक्सेप्शन'ची खूण केली की तोच परिणाम मिळतो, आणि शब्दापुढे पर्यायी शब्दही लिहून ठेवता येतो.

यादीत काय घालावं याला विवेक लागतो. 'फॉर्म' घातला तर प्रत्येक अर्जाच्या मजकुरात रेघाच रेघा येतील आणि दोन दिवसांत तुम्ही त्या वाचायचं सोडाल. जे शब्द तुमच्या लिखाणात जवळपास कधीच हवे नसतात पण हव्या असलेल्या शब्दाच्या जागी पडतात, तेच घ्या. 'मॅनेजर'मधला एक ए गळून होणारा 'मेंजर', म्हणजे गव्हाण. 'पब्लिक'मधला एल गळून होणारा शब्द, ज्याने जाहीर सूचनेची शोभा होते. 'युनायटेड'ची दोन अक्षरं उलटून होणारा 'अनटाइड'. कार्यकारण सांगताना 'कॉझल'ऐवजी पडणारा 'कॅज्युअल'. विजेसाठी मधला ई शिरून झालेला 'लाइटनिंग', ज्याचा अर्थ हलकं करणं. सोबत ए-आर असलेला 'स्टेशनरी', कारण कागद-पेन विकणाऱ्याला उभं राहण्याचा शब्द क्वचितच लागतो, आणि विवेकी या अर्थी चुकून पडणारा टी-ई-ने संपणारा 'डिस्क्रीट', ज्याचा अर्थ सुटासुटा. गणित किंवा संगणकशास्त्र लिहिणाऱ्यांनी हा शेवटचा अर्थातच घालू नये.

बसवताना लागणाऱ्या गोष्टी

संकेतस्थळावर मजकूर चिकटवणं सर्वांत सोपं, पण मजकूर बाहेर जातो. गोपनीय कागद असतील तर स्थानिक, म्हणजे स्वतःच्याच संगणकावर चालणारा, सर्व्हरच बरा. नव्या आवृत्त्यांना जावा १७ लागतं. सर्व्हर ८०८१ या पोर्टवर सुरू करायचा आणि 'लँग्वेज मॉडेल' या पर्यायात एन-ग्रामच्या फोल्डरची वाट द्यायची. हा डेटा वेगळा उतरवावा लागतो, इंग्रजीची उतरवायची फाइलच सुमारे ८ जीबी आहे, आणि तो एसएसडीवरच ठेवा. फिरत्या हार्ड डिस्कवर तपासणी रेंगाळते. वाट देताना बाहेरचं फोल्डर द्यायचं, ज्याच्या आत इंग्रजीचं 'ई-एन' फोल्डर आणि त्याच्या आत एक, दोन, तीन शब्दांचे तीन उपफोल्डर असतील. थेट 'ई-एन'ची वाट दिली की मोजणी चालू होत नाही. एन-ग्रामशिवायही साधन चालतं, पण मग गोंधळाच्या शब्दांसाठी फक्त हाताने लिहिलेले नियम उरतात. ज्या कामासाठी हे परीक्षण आहे, त्याला एवढी जागा नक्की द्यावी. लिब्रेऑफिस ७.४ आणि पुढच्या आवृत्त्यांत भाषेच्या सेटिंगखाली लँग्वेजटूल सर्व्हरचा पत्ता टाकण्याची सोय आहे; पत्त्याच्या शेवटी 'व्ही २' हवं.

हा खटाटोप नको असेल तर वर्डमधली अंगची तपासणी आधी नीट चालू करून बघा. २००७ आणि २०१० मध्ये 'कॉन्टेक्स्चुअल स्पेलिंग', २०१३ आणि २०१६ मध्ये 'फ्रीक्वेंटली कन्फ्यूज्ड वर्ड्स' ही खूण 'ऑप्शन्स'च्या 'प्रूफिंग'मध्ये असते. नव्या आवृत्तीत तिथेच व्याकरणाच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'कॉमनली कन्फ्यूज्ड वर्ड्स' सापडेल. इतकं करूनही एकही रेघ येत नसेल तर मजकूर दुसरीकडून चिकटवलेला आहे का ते बघा. चिकटवलेल्या मजकुरासोबत 'स्पेलिंग आणि व्याकरण तपासू नये' ही खूण चोरपावलाने येते. सगळा मजकूर निवडून 'रिव्ह्यू', 'लँग्वेज', 'सेट प्रूफिंग लँग्वेज' या मार्गाने ती खूण काढा आणि तिथेच इंग्रजीचा प्रकारही एकसारखा करा. एकाच कागदात अर्धा मजकूर अमेरिकी आणि अर्धा ब्रिटिश म्हणून नोंदलेला असेल, तर वरच्या पानावर पकडलेला 'लायसन्स' खालच्या पानावर बिनबोभाट निसटतो.